चाकांवरचें घर

प्रवासवर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. प्रवास संपल्यावर तीं लिहिलीं जातात आणि त्यांत सूर्योदय, देवळें व खाण्याचे पदार्थ यांची रेलचेल असते. आम्ही आज ज्या प्रवासाविषयीं लिहावयास बसलों आहों, त्याचा मोठा भाग मुलुंडास आमच्या अंगणांतच घडला, आणि त्या काळांत गाडी बहुतेक उभीच होती.

मुलुंड म्हणजे मुंबईच्या पूर्व उपनगरांचें शेवटचें टोंक. पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पूर्वेस खाडी, आणि मधून पूर्वीचा आग्रा रोड, ज्यास आतां लालबहादुर शास्त्री मार्ग हें नांव आहे. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप हीं सारीं याच रस्त्याच्या दोऱ्यांत ओंवलेलीं. आमचे वडील सांगत कीं, त्यांच्या लहानपणीं या रस्त्यानें रात्रभर बैलगाड्यांच्या रांगा चालत, आणि पहांटे मुक्काम पडला म्हणजे गाडीवान आधीं बैलांना पाणी दाखवी, मग आंसाला वंगण घाली, आणि त्यानंतर स्वतःची भाकर सोडी. आमची इमारत जुनी असल्यामुळें तिला अद्याप अंगण आहे. शेजारच्या नव्या मनोऱ्यांतून मोटारी यंत्रानें उचलून माळ्यावर ठेवतात. तेथें गाडीखालीं शिरून कांहीं पाहण्याची सोय नाहीं.

घरची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. आमच्या वहिनी एकोणऐशीं वर्षांच्या. वडील बंधू निवर्तल्यापासून घरांत त्याच वडील. आमचें मूळ गांव संगमेश्वराजवळ. कुलस्वामिनीची ओटी भरावयास घरांतील कोणी ना कोणी दरवर्षीं जातें. परंतु वहिनींचें जाणें नऊ वर्षांत घडलें नव्हतें. भक्ति कमी झाली असें नव्हे. त्यांचे गुडघे वांकत नाहींत, आणि वाटेंत बायकांना जाण्यायोग्य स्वच्छ जागा क्वचितच मिळते. पूर्वीं मोटारीनें जावयाचें झालें कीं त्या आदल्या रात्रीपासूनच पाणी पिणें सोडीत. घरांतील पुरुषांनीं, आणि त्यांत आम्हीही आलों, याला ‘वहिनींना प्रवास सोसत नाहीं’ असें सोईस्कर नांव देऊन ठेवलें होतें. खरी गोष्ट पुतण्याच्या पत्नीनें आम्हांस स्पष्ट शब्दांत सांगितली, तेव्हां चाळीस वर्षें मुलांना व्याकरण शिकविलेल्या माणसास उत्तर सुचलें नाहीं.

पुतण्याच्या एका अंधेरीच्या मित्रापाशीं कारवान आहे. मूळची ती शाळेच्या मुलांची लहान बस. आंतील बांकें काढून तींत निजण्याच्या चार जागा, लहानसा ओटा, शंभर लिटरांची पाण्याची टांकी, आणि ज्यासाठीं हा सारा खटाटोप तें खुर्चीसारखें शौचपात्र, अशी सोय केलेली आहे. हे फेरफार त्यानें परिवहन कार्यालयाकडून मंजूर करवून नोंदणीपुस्तकांत चढवून घेतले होते. हें आम्हीं सर्वांच्या आधीं पाहिलें. कारण तशी नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा कागद उपयोगी पडेल असा भरंवसा नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कारवान पर्यटनाचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून हा शब्द आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या कानांवर पडूं लागला. विलायतेंत हा प्रकार जुना आहे. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या लेखकानें १८८५ सालीं ब्रिस्टलच्या कारखान्यांत दोन घोड्यांची ‘वाँडरर’ ही गाडी केवळ हौसेच्या भटकंतीसाठीं बांधविली, आणि १९०७ सालीं तेथें कारवान क्लब निघाला.

कारवान हा शब्द फारशी. संस्कृतांत त्यास सार्थ म्हणतात आणि त्याच्या नायकास सार्थवाह. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनीं ‘सार्थवाह’ याच नांवाचा मोठा हिंदी ग्रंथ लिहिला. तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु सार्थ म्हटला कीं आम्हांस नलोपाख्यान आठवतें. नळानें टाकून दिलेली दमयंती रानांत भटकत असतां तिला एक मोठा सार्थ भेटतो. त्याच्या नायकाचें नांव शुचि. पुढें तो सार्थ एका रम्य कमलसरोवराच्या कांठीं मुक्काम करितो, आणि मध्यरात्रीं रानटी हत्तींचा कळप पाण्यावर येऊन निजलेल्या माणसांना तुडवून जातो. मागें राहिलेले लोक म्हणतात, मणिभद्र यक्षाची पूजा राहिली. कोणी म्हणतात, त्या वेड्यासारख्या दिसणाऱ्या बाईचा हा पायगुण. व्यासांनीं मात्र खरें कारण एका ओळींत आधींच नोंदवून ठेविलें आहे: सार्थ हत्तींची पाण्याची वाट अडवून निजला होता. नांव शुचि असून नायकानें मुक्कामाची जागा पाहिली नाहीं. ही कथा आम्हीं त्या आठवड्यांत घरांत पुन्हा सांगितली. पुतण्याच्या दहा वर्षांच्या मुलीस, म्हणजे आमच्या नातीस, ती इतकी पटली कीं, गाडी अंगणांतील पर्जन्यवृक्षाखालीं उभी आहे हें तिनेंच दाखवून दिलें. त्या झाडाची एक वाळलेली फांदी बरोबर टपावर होती. त्याच वर्षीं, १३ मे २०२४ रोजीं, घाटकोपरास पेट्रोलपंपावर १२० फूट लांबरुंद जाहिरातफलक वादळांत कोसळून सतरा माणसें दगावलीं होतीं. गाडी त्याच संध्याकाळीं कुंपणाच्या भिंतीकडे हलविली.

आतां मुख्य विषय. गाडी दिवाळीनंतर आमच्या अंगणांत आली. चार महिन्यांचा पावसाळा तिनें अंधेरीस एका ताडपत्रीखालीं काढला होता. पहिल्या दिवशीं आम्हीं जें केलें तें सांगण्यास लाज वाटते. बाहेरून धुतली, कांचा पुसल्या, चाकांचे काळे टायर चमकविले, दारास झेंडूची माळ लावली, आणि गाडी तयार झाली असें समजून चहा घेतला. टायरांवर पायानें दोन लाथा मारून ‘हवा ठीक आहे’ असा निकालही आम्हींच दिला होता. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं आंत शिरलों तेव्हां गादीखालीं हिरवट बुरशी आणि फळीच्या मागें उंदरांच्या लेंड्या सांपडल्या. कामवाल्या बाईंनीं खराटा उचलला, तो पुतण्याच्या पत्नीनें काढून घेतला. लेंड्या कोरड्या झाडूं नयेत. धूळ नाकांत जाते. आधीं ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यानें त्या जागा भिजवून, हातमोजे घालून, फडक्यानें टिपून पिशवींत बांधाव्या. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसनें मुंबईंत किती घरें दुखावलीं हें उपनगरांत कोणास सांगावें लागत नाहीं. तो रोग उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतूनच येतो. उंदरांचा दुसरा उपद्रव तारांना. त्यांनीं दिव्याच्या एका तारेचें वेष्टण कुरतडलें होतें. ती तार पुतण्यानें बदलली, आणि नळ व तारा ज्या भोंकांतून आंत येतात तीं सारीं बुजविलीं. बुरशीला आम्हीं औषध केलें तें ऊन. कार्तिकांतील मुंबईचें ऊन फुकट मिळतें व त्यासारखें दुसरें नाहीं. गाद्या, पडदे, कपाटांचीं दारें सर्व तीन दिवस बाहेर होतीं. परंतु बुरशी ज्या ओलीवर वाढली, ती ओल कोठून आली तें शोधल्याशिवाय ऊन दाखवून उपयोग नसतो. टपावरील एका सांध्याची लेप फुटली होती. बादलीनें पाणी ओतून आंत माणूस बसविला, तेव्हां थेंब कोठून येतो तें कळलें.

मग पाण्याची टांकी. तिच्या तळाशीं बुळबुळीत थर होता. शंभर लिटरांच्या टांकीस सुमारें वीस ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीभर पाण्यांत कालवून, गाळ बसल्यावर वरचें निवळलेलें पाणी टांकींत घालावें, टांकी भरून घ्यावी, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडावा, म्हणजे नळ्याही धुतल्या जातात. चार तासांनीं सारें सोडून देऊन वास जाईपर्यंत दोनतीनदां विसळावें. ही कृति सोपी आहे, पण एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. त्याच दुपारीं शौचपात्राची स्वच्छता चालली होती, आणि तेथें आम्लाची बाटली उघडली होती. ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आलीं कीं क्लोरीन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं हाच वायु सैनिकांवर सोडला होता. बंद गाडीच्या चार हातांच्या कोंडवाड्यांत तो काय करील हें सांगावयास नको. आम्हीं दोन्ही कामें वेगळ्या दिवशीं केलीं.

पाण्याविषयीं वण्णुपथ जातकांत एक कथा आहे. साठ योजनांचें वाळवंट ओलांडणारा सार्थ शेवटच्या रात्रीं ‘आतां पोहोंचलोंच’ असें म्हणून पाणी व लांकूड टाकून देतो. वाट दाखविणाऱ्यास डुलकी लागते, बैल वळतात, आणि सकाळीं सार्थ आदल्या दिवसाच्याच तळावर उभा असतो. पुतण्याचें म्हणणें होतें कीं अर्धीच टांकी न्यावी, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. आमचें म्हणणें टांकी भरून न्यावी. शेवटीं वजनकाट्यावर जाऊन गाडी जोखली आणि वाद मिटला. नोंदणींतील मर्यादेच्या आंत पुष्कळ अवकाश होता. वहिनींना पाटा-वरवंटा न्यावयाचा होता. तो राहिला; पण वजनामुळें नव्हे. जड वस्तु खालीं व गाडीच्या मध्याजवळ घट्ट बांधून न्यावी लागते, आणि वरवंट्यासारखी गोल वस्तु कशानेंही घट्ट बांधली जात नाहीं. ब्रेक लागला कीं डोक्यावरच्या फळींतील पितळी तांब्याही तोफेच्या गोळ्यासारखा येतो, हें पुतण्यानें सांगतांच वहिनींनीं भांड्यांची मोट स्वतः उतरवून ओट्याखालच्या खणांत पंच्यांत गुंडाळून ठेवली.

गॅसविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण ज्या घरांत चूल शेंकडों वर्षें अंगणाला लागून होती, त्या घरांतील माणसांना बंद खोलींतल्या अग्नीची रीत उपजत कळत नाहीं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड. गळला तर तो धुरासारखा वर न जातां पाण्यासारखा तळाशीं सांचतो. म्हणून सिलिंडराच्या कपाटाच्या तळासच एक भोंक ठेवलेलें असतें, ज्यांतून तो बाहेर पडावा. आम्हीं तें भोंक पाहिलें तों कुंभारीण माशीनें त्यांत मातीचें सुबक घर बांधलेलें. बाहेरून कपाट स्वच्छ, रंग नवा, आणि गॅसला जाण्याची वाट बंद! रबरी नळीवर पांच वर्षांपूर्वींचें साल होतें. तीच तिची मुदत. नळी वांकवून पाहतां तींत केसासारख्या चिरा दिसल्या. नवी नळी बसविल्यावर सांध्यांना साबणाचा फेंस लावून पाहिला. बुडबुडा आला नाहीं. कांहीं लोक काडी ओढून पाहतात. त्यांच्याविषयीं न लिहिणें बरें. पांच किलोचा लहान सिलिंडर, चालत्या गाडींत तो बंद, निजण्यापूर्वीं तो बंद, आणि थंडी वाजली तरी आंत शेगडी नाहीं, हे नियम नातीनें मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारास चिकटविले. कोळशाच्या शेगडीचा विषारी वायु बिनवासाचा असतो. निजलेला माणूस त्यांतून जागा होत नाहीं.

त्यानंतर अंगणांतच एक रात्र काढावयाची, असें ठरलें. वहिनी प्रथम हंसल्या, मग उशी घेऊन आल्या. त्या एका रात्रींत जें कळलें तें आठ दिवसांच्या पाहणींत कळलें नव्हतें. गाडीची पायरी त्यांच्या गुडघ्यांना फार उंच होती. रात्रीं उठतांना धरावयास कांहीं नव्हतें. दिव्याचें बटण उशापासून दूर होतें. सकाळीं सुतारास बोलावून दोन पायऱ्यांचा रुंद पाट करविला, त्यावर घसरूं नये म्हणून गोणपाट ठोकलें, आणि आंत पोलादी कडी बसविली. आमच्या सोसायटींतील मंडळी गॅलरींतून हें पाहत होती. एका गृहस्थांनीं वर्गणी काढून आंत देवघर बसवावें अशी सूचना केली.

पुढच्या रविवारीं चाचणीसाठीं बोरिवलीस जावयाचें ठरलें. मुलुंड डोंगराच्या एका अंगास व बोरिवली दुसऱ्या अंगास. पक्ष्यास हें अंतर थोडकें, पण गाडीस ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानें डोंगरास वळसा घालावा लागतो. जाऊन येऊन सत्तरेक किलोमीटर. या रस्त्यावर गायमुखाचा चढउतार आहे, आणि ब्रेकची परीक्षा तेथेंच घ्यावयाची होती. ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें. ओल शिरली कीं तें कमी उष्णतेवर उकळतें, आणि उतारावर ब्रेक तापले म्हणजे पाय दाबला तरी नुसतें पोकळ लागतें. मुंबईच्या पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या गाडीचें तें बदलणेंच शहाणपणाचें. आम्हीं बदललें होतें. उतारावर चालकानें गाडी खालच्या गियरमध्यें ठेविली आणि ब्रेकवर पाय सारखा दाबून धरला नाहीं. घाटांत ज्या गियरनें चढतों त्याच गियरनें उतरावें, ही एस.टी.च्या जुन्या चालकांची म्हण ऐकली होती. ती त्यानें आम्हांस शब्दशः करून दाखविली.

उद्यानाच्या दाराशीं गाडी ठेवून आम्ही व नात तेथील बसनें कान्हेरीस गेलों. या लेण्यांत आम्ही पूर्वीं विद्यार्थ्यांना घेऊन पुष्कळदां आलों होतों व दर वेळीं चैत्यगृहासमोर उभे राहून व्याख्यान दिलें होतें. या खेपेस डोकें टांक्यांनीं भरलेलें असल्यामुळें आम्हीं पाहिलीं तीं पाण्याचींच कामें. विहारापाशीं खडकांत कोरलेलें टांकें, ज्यास शिलालेखांत पोढी म्हटलें आहे. त्याच्या माथ्यावर खडकांतून खणलेल्या चिरा, ज्यांतून पावसाचें पाणी वळवून आणलें आहे. सोपाऱ्याहून कल्याणास व पुढें घाटावर जाणाऱ्या व्यापाराच्या वाटा याच मुलुखांतल्या, आणि येथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांचीं नांवें आहेत. व्यापारी आहेत, लोहार व सोनारही आहेत. अशा चिरा पानांनीं व मातीनें भरल्या तर पाणी टांक्यांत न येतां वाहून जाणार. म्हणजे भिक्षूंपैकीं कोणी तरी दरवर्षीं मृगापूर्वीं येथें खराटा घेऊन चढत असला पाहिजे. त्याचें नांव कोणत्याही लेखांत नाहीं. नातीनें विचारलें, ‘आजोबा, टांकी धुणाऱ्याचें नांव कां लिहिलें नाहीं?’ आम्हांस उत्तर आलें नाहीं.

खालीं आलों तेव्हां वहिनी गाडीच्या खिडकींत बसून तांब्यानें पाणी पीत होत्या. घरापासून पस्तीस किलोमीटरांवर, भर रस्त्यांत, निर्धास्तपणें. पुतण्याच्या पत्नीनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं पाहून न पाहिल्यासारखें केलें.

परत अंगणांत येतांच पुतण्यानें सांगितलेलें काम नात करूं लागली: उलटा हात प्रत्येक चाकाजवळ नेऊन उष्णता पाहणें. एखादें चाक इतरांहून अधिक तापलें तर तेथें ब्रेक अडकला आहे किंवा हवा कमी आहे. मागचें डावें चाक तापलेलें निघालें. मागच्या बाजूस चाकें जोडीनें असतात. बाहेरचें ठीक होतें, तापलें होतें तें आंतलें. जोडचाकांत एक मऊ पडलें तर दुसरें त्याचा भार मुकाट्यानें उचलतें, म्हणून बाहेरून कांहीं समजत नाहीं. (एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.) आम्हीं ज्यास लाथ मारून पास केलें होतें तें बाहेरचें चाक. आंतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हातास येईना म्हणून त्याची हवा कोणी मापलीच नव्हती.

टायराच्या अंगावर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नातीनें गाडीखालीं सरपटत जाऊन, विजेरी व आरशाचा तुकडा धरून, ते वाचले: तीन, आठ, एक, तीन. २०१३ सालचा अडतिसावा आठवडा. बाकीचे पांचही टायर २०२१ चे. मालकाच्या बिलांत सहा नवे टायर मांडलेले होते. बसविणाऱ्या दुकानदारानें पांच नवे घालून सहावा, जेथें कोणी पाहणार नाहीं तेथें, जुना ठेवून दिला होता. रबर न वापरतांही म्हातारें होतें. नक्षी खोल दिसते, रंग काळा असतो, आणि आंतून तें चिवटपणा सोडतें. दहा वर्षांपुढें टायर वापरूं नये असें बहुतेक कारखानदार म्हणतात. याच चाकावर आम्ही वहिनींना व नातीला घेऊन गायमुखाचा उतार उतरलों होतों.

निघणें शुक्रवारीं ठरलें होतें. पंचांग पाहून, गांवास कळवून, लाडू बांधून झाले होते. त्या मापाचा टायर दुकानांत नव्हता. पांच दिवस लागतील म्हणाले. पुतण्यास कचेरींतून पुन्हा रजा मिळेल कीं नाहीं याची शंका. तो म्हणाला, ‘काका, हवा भरून सावकाश जाऊं, रत्नागिरीस बदलूं.’ मालकही म्हणाला कीं गाडी तीन वर्षें याच टायरावर फिरली आहे. आमच्या मनांतही क्षणभर तेंच आलें, हें कबूल केलें पाहिजे; कारण तिथि टळली तर वहिनी पुन्हा निघतील कीं नाहीं हें कोण सांगणार? एकोणऐशीं वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वेळीं’ म्हणणें सोपें नसतें. आम्ही गप्प बसलों. ज्यानें लाथ मारून निकाल दिला त्यास पुन्हा निकाल देण्याचा अधिकार नव्हता.

वहिनी दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, देवीला नऊ वर्षें थांबवली आहे, आणखी आठ दिवसांनीं ती रागावत नाहीं. पोरगी गाडींत बसणार आहे.’ एवढें बोलून त्यांनीं लाडवांचा डबा उघडला आणि अंगणांत खेळणाऱ्या मुलांना हांक मारली. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला.

जुना टायर उतरविला तेव्हां त्याच्या आंतल्या कडेस चिरा इतक्या खोल होत्या कीं पुतण्याचें नख त्यांत शिरलें. आंतली वीण एका जागीं फुगलेली होती. पंक्चरवाल्यानें तो हातांत फिरविला, मालकाकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां बाजूस टाकला. मग स्टेपनीचेंही साल वाचलें. तें ठीक होतें.

आठ दिवसांनीं, पहांटे पांच वाजतां, ऐरोलीवरून पनवेलच्या रस्त्यास लागलों. नवें चाक बसविल्यावर पन्नासएक किलोमीटरांनीं त्याचे नट पुन्हा आंवळून पाहावे लागतात, म्हणून पेणच्या पुढें थांबलों. दोन नट खरेंच अर्धा पाव फेरा फिरले. महाडजवळ सावित्रीच्या पुलावर वहिनींनीं हात जोडले. येथील ब्रिटिशकालीन जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या; आतांचा पूल २०१७ सालचा आहे. चिपळूणच्या पुढें एका शाळेच्या पटांगणांत, मुख्याध्यापकांच्या परवानगीनें, दुपारचा मुक्काम केला. नातीनें आधीं वर पाहिलें, मग खालीं, मग ‘हत्ती नाहींत’ असा दाखला दिला.

देवळाच्या पायऱ्या वहिनींनीं सुताराच्या पाटाची आठवण काढीत एकएक करून चढल्या. ओटी भरतांना त्या काय पुटपुटल्या तें आम्हीं ऐकलें नाहीं. दोन दिवस गांवीं राहून परत आलों. शौचपात्राची टांकी वाटेंत कोठेंही न सोडतां घरीं आणून गटाराच्या मोरींत रीतसर रिकामी केली. या कामास पुतण्यानें मजूर लावूं दिला नाहीं व स्वतःच हात घातला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडीखालीं निजून खरवडणीनें कोंकणची तांबडी माती काढीत असतां वरून गॅलरींतून वहिनींचा आवाज आला, ‘भाऊजी, पाण्याची टांकी उपसलीत का? झांकण उघडें ठेवा, वाळूं दे. आणि त्या कुंभारणीच्या भोंकाला जाळी लावा.’ जाळी आणावयास नात आधींच सायकलीनें गेली होती.